चुकलं तर पैसे कोणाचे कापतात?

दिवाळीला रोहिणखेडला गेले होते. दुपारी मावशी आली, तेव्हा मी मोठ्या कौतुकाने तिला मोबाईलवर माझ्या कंपनीची वेबसाइट दाखवली. कंपनी पुण्यातली आहे, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते, आणि मी तिथे टेस्टर आहे. वेबसाइटवर 'आमचं नेतृत्व' नावाचं एक पान आहे. त्यावर नऊ फोटो. सगळे हाताची घडी घालून, सगळ्यांच्या मागे तीच पांढरी भिंत, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकाच मापाचं हसू. सीईओ, सीटीओ, पैशांचा प्रमुख, प्रॉडक्टचा प्रमुख, ग्रोथचा प्रमुख, माणसांची प्रमुख. (हो, एचआरला आमच्याकडे 'पीपल' म्हणतात.)

मावशी आशा वर्कर आहे. तिने चष्मा लावला, एकेक फोटो बोटाने मोठा करून पाहिला, आणि विचारलं, "याहीच्या हातून काही चुकलं तं पैसे कोनाचे कापतात वं?"

मी हसले. म्हटलं, मावशे, असं नसतं तिथे. ती म्हणाली, "मंग कसं असते?"

ते मला सांगता आलं नाही. पुण्याला परत आल्यावरही सांगता येत नाहीये. म्हणून हा लेख.

मावशीला हाच प्रश्न का सुचला, ते आधी सांगते. आशाला पगार नसतो, कामावर मोबदला असतो. बाळ जन्मलं की ४२ दिवसांत तिने त्याच्या घरी सहा वेळा जायचं, बाळंतपण घरीच झालं असेल तर सात वेळा. बाळाचं वजन घ्यायचं, ताप बघायचा, श्वास बघायचा, आईला दूध येतंय का विचारायचं. या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. एक भेट राहिली किंवा नोंद नीट झाली नाही, की ते २५० अडकतात. काही वर्षांपासून ही नोंद वहीतही करायची आणि मोबाईलमध्येही. रेंज नसली, ॲप अडकलं, नाव दोनदा पडलं, तरी भोगायचं तिनेच. ॲप कोणी बनवलं, कोणी मंजूर केलं, ते कुठे बसतात, याचा तिला पत्ता नाही. चूक मात्र खाली उतरत उतरत तिच्या पिशवीपर्यंत येते आणि तिथे थांबते, कारण तिच्या खाली कोणी नाही.

ही एकट्या मावशीची कुरकुर नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. फोन जुने, रॅम २ जीबी, आणि भरायचं पोषण ट्रॅकर इंग्रजीत. माहिती भरली नाही तर मानधन कापू, अशी तंबी वर. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा गेल्या, आझाद मैदानावर बसल्या. मानधनाबरोबरच ऑनलाइन कामांची सक्तीही त्यांच्या तक्रारीत होती. टीव्हीवर बातमी 'मानधनवाढीसाठी आंदोलन' एवढीच आली. यंत्र कोणाचं आणि त्याच्या चुकीचा दंड कोणाला, हा प्रश्न बातमीत बसत नाही.

आता माझं ऐका. कंपनीचं नाव सांगणार नाही. सांगितलं तरी तुम्हाला त्याने काही फरक पडणार नाही, कारण अशा पन्नास आहेत.

एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यांसाठी आम्ही एक ॲप करत होतो. त्यात एकच पेशंट दोनदा नोंदला जाऊ नये म्हणून एक युक्ती होती: मोबाईल नंबर, आडनाव आणि गाव जुळलं की दोन नोंदी आपोआप एक. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून ही कल्पना हुशारीची वाटते. मी तपासताना आमच्या रोहिणखेडच्या घराची माहिती भरली: आजी, आई, काकू. नंबर एकच, काकांचा. आडनाव एकच, गाव एकच. ॲपने तिघींची मिळून एक बाई केली. वय काकूचं, शुगर आजीची, गोळ्या तिघींच्या.

मी बग लिहिला. त्याच्यापुढे 'गंभीर' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये प्रॉडक्टच्या प्रमुखांनी विचारलं, "असं किती घरांत असतं?" मी म्हटलं, आमच्याकडे बहुतेक घरांत. ते म्हणाले, "डेटा आहे?" डेटा नव्हता. माझ्याकडे गाव होतं. 'गंभीर'चं 'मध्यम' झालं. मध्यम म्हणजे पुढच्या तिमाहीत बघू. पंधरा दिवसांनी गुंतवणूकदारांसमोर डेमो होता. रिलीजच्या फॉर्मवर 'तपासलं, मंजूर' असा एक रकाना असतो. त्यावर सही माझी आहे. हे मला टाळता येत नाही आणि टाळायचंही नाही. मी सही केली, कारण हप्ता होता, कारण नऊ फोटोंपुढे माझं 'बहुतेक घरांत' फारच बारीक वाटत होतं.

दोन महिन्यांनी एका नर्सबाईंचा फोन आला. समोर सहा महिन्यांची गरोदर मुलगी उभी होती आणि स्क्रीनवर तिच्या नावापुढे एनालाप्रिल चालू दिसत होतं. बीपीची गोळी आहे ती. गरोदरपणात देत नाहीत, पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला धोका असतो. नर्सबाईंनी गोळ्यांची पट्टी काढलीही होती. मग सहज विचारलं, तुला बीपी कधीपासून? मुलगी म्हणाली, मला नाही, सासूबाईंना आहे.

एवढ्यावर वाचलं. ॲपमुळे नाही, 'सहज विचारलं' यामुळे.

नंतर कंपनीत चौकशी झाली. अहवालात मूळ कारण म्हणून तीन शब्द आले: 'चाचणीच्या टप्प्यातली त्रुटी'. माझी पगारवाढ सहा महिने थांबली. प्रॉडक्टचे प्रमुख त्या वर्षअखेरीस वरच्या पदावर गेले. मावशीने बोटाने मोठा करून पाहिलेल्या फोटोंपैकी तिसरा त्यांचाच.

म्हणजे मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. पैसे माझे कापले होते. फक्त हे तिला सांगायची लाज वाटली.

*

यावर एक ठरलेला उपाय सांगितला जातो: 'नेतृत्वात डॉक्टर हवेत. सगळे आयआयटी-आयआयएमवाले असले की असंच होणार.' मलाही आधी तसंच वाटायचं. पण मग काही प्रकरणं नीट वाचली.

अमेरिकेत ईक्लिनिकलवर्क्स नावाची मोठी कंपनी आहे. डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटच्या नोंदी ठेवण्याचं सॉफ्टवेअर बनवते. संस्थापक भारतीय वंशाचे. आपल्याकडच्या आयटीतल्या पोरांना हे नाव नवं नाही, मुंबईतही तिचं काम चालतं. अमेरिकन सरकारने २००९ नंतर कागद सोडून संगणकावर येणाऱ्या डॉक्टरांना पैसे द्यायला सुरुवात केली. अट एवढीच, की सॉफ्टवेअर प्रमाणित हवं. प्रमाणपत्राच्या चाचणीत औषधांचे ठरावीक कोड नीट निघतात का, हे पाहत. सरकारचा आरोप असा होता, की कोणत्याही औषधाचा कोड संपूर्ण यादीतून शोधून काढायची सोय करण्याऐवजी कंपनीने चाचणीला लागणारे सोळा कोड तेवढे सॉफ्टवेअरमध्ये थेट लिहून टाकले. बारावीला येणारे सोळा प्रश्न पाठ करून गेल्यासारखं. पास तर झाले, विषय मात्र आला नाही.

हे बाहेर काढलं ब्रेंडन डिलेनी नावाच्या एका तंत्रज्ञाने. न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगातल्या दवाखान्यात हे सॉफ्टवेअर बसवण्याच्या कामावर तो होता. कैद्यांची औषधं स्क्रीनवर बरोबर दिसत नाहीत, हे त्याला दिसलं. मे २०१७ मध्ये तडजोड झाली: १५ कोटी ५० लाख डॉलर. कंपनीने चूक मान्य केली नाही, हेही सांगायला हवं. पण या तडजोडीतली मला महत्त्वाची वाटणारी ओळ वेगळीच आहे. त्यातल्या १५ कोटी ४९ लाख डॉलरांसाठी एकटी कंपनी नाही, तर तिचे तीन संस्थापकही जबाबदार धरले गेले: सीईओ गिरीश नवानी, सीओओ महेश नवानी आणि मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. राजेश धरमपुरिया. शिवाय एक डेव्हलपर आणि दोन प्रोजेक्ट मॅनेजर यांनाही वेगळी रक्कम भरावी लागली.

तिसरं नाव पुन्हा वाचा. डॉक्टर होते. फोटोंच्या रांगेत डॉक्टर होते.

आणि सगळ्यात मोठी रक्कम वर लागली, सगळ्यात छोटी खाली. डेव्हलपरला ५० हजार डॉलर, मॅनेजरांना प्रत्येकी १५ हजार, वरच्यांवर १५ कोटींचा भार. माझ्या ऑफिसच्या बरोबर उलटा उतार.

दुर्दैवाने हा अपवाद आहे. प्रॅक्टिस फ्यूजन या दुसऱ्या कंपनीने तर डॉक्टरच्या स्क्रीनवर उगवणाऱ्या सूचनाच विकल्या. अफूजन्य वेदनाशामकं बनवणाऱ्या एका औषध कंपनीकडून जवळजवळ दहा लाख डॉलर घेतले आणि 'पेशंटच्या वेदनेचा विचार करा' असं सुचवणारा संदेश तयार केला, त्या औषधांचा खप वाढावा म्हणून. डॉक्टरला वाटतं शास्त्र बोलतंय, बोलत असतो दुकानदार. जानेवारी २०२० मध्ये १४ कोटी ५० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं गेलं. भरले कंपनीने. तोवर कंपनीच दुसऱ्याला विकली गेली होती.

आता घरी येऊ. मुंबईची फार्मइझी तुमच्या फोनमध्ये असेल, निदान कधीतरी होती. २०१५ ची सुरुवात, घरपोच औषधं. हिच्याही संस्थापकांत एक डॉक्टर आहेत, धवल शाह. जून २०२१ मध्ये तिच्या मूळ कंपनीने, एपीआय होल्डिंग्जने, थायरोकेअरचा ६६.१ टक्के हिस्सा ४,५४६ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं. थायरोकेअर म्हणजे ए. वेलुमणी यांनी उभी केलेली प्रयोगशाळा. देशभरातल्या गावांतून रक्ताच्या नळ्या रात्री विमानाने नवी मुंबईला आणायच्या, तिथल्या मोठ्या यंत्रांवर तपासायच्या, आणि म्हणून थायरॉइडची तपासणी स्वस्त. वेलुमणी भाभा अणुसंशोधन केंद्रातली नोकरी सोडून यात आले होते. एका नव्या कंपनीने एक नोंदणीकृत, नफ्यातली कंपनी गिळली म्हणून तेव्हा बिझनेस पानांवर आरत्या झाल्या. आम्ही कँटीनमध्ये त्या बातम्या एकमेकांना पाठवत होतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ६,२५० कोटींच्या आयपीओचे कागद दाखल झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये ते मागे घेतले. गोल्डमन सॅक्सचं कर्ज घेतलं, थायरोकेअरचे शेअर तारण पडले, कर्जाच्या अटी मोडल्या. २०२३ मध्ये पैसे उभे करायला जे शेअर काढले त्यांची किंमत आधीच्या मानाने नव्वद टक्के कमी होती. ज्या नोकरदारांनी पगाराचा काही भाग शेअरच्या आशेवर सोडला होता, त्यांची ती आशा तिथेच विरली. जानेवारी २०२५ मध्ये तीन संस्थापक रोजच्या कामातून बाहेर पडले, आणि घर सजवण्याच्या सामानाची नवी कंपनी काढत असल्याची बातमी आली.

यात बेकायदा काही नाही. तेच तर मला टोचतं. देशभरच्या लोकांचं रक्त तपासणारी प्रयोगशाळा कर्जाच्या कागदावर तारण म्हणून पडते आणि ते पूर्ण कायदेशीर असतं. दहा वर्षं आरोग्य, मग सोफे. मावशी रोहिणखेडमध्ये एवढी वर्षं आशा आहे. तिला मध्येच 'आता मी पडदे विकते' म्हणता येत नाही, कारण उद्या ज्यांच्या दारात जायचं त्यांच्याच दारात काल ती गेलेली असते.

म्हणून डॉक्टर असणं-नसणं हा मुद्दा नाही. इंजिनिअर वाईट, डॉक्टर चांगले, असंही नाही. चूक झाली तर तिचं ओझं वर जाणार आहे की खाली येणार आहे, एवढाच मुद्दा आहे. ओझं खालीच येणार असेल, तर वर देवमाणूस बसवला तरी तो 'गंभीर'चं 'मध्यम' करेल. मी त्या प्रमुखांना ओळखते. माणूस वाईट नाही. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी स्वतः फोन करून चौकशी केली होती. पण त्या दिवशी समोर दोन ओझी होती. डेमो हुकला असता तर त्यांचं नुकसान होतं. बाळ गेलं असतं तर त्यांचं नव्हतं.

*

'पण त्यांनी रिस्क घेतली ना!' हे वाक्य मी माझ्या मित्रांकडून इतक्यांदा ऐकलंय, की आता त्याचा आवाज येत नाही. पैसे लावले, नोकरी सोडली, झोप सोडली. मान्य. पण धोका दोन प्रकारचा असतो. एक पैसे बुडण्याचा. तो गुंतवणूकदाराने घेतलाय, थोडा त्यांनी घेतलाय, आणि बराचसा शेअरच्या आशेवर काम करणाऱ्या पोरांनी. दुसरा धोका चुकीची गोळी पोटात जाण्याचा. तो त्यांनी घेतलेला नाही. तो गरोदर मुलीने घेतला, तिला न विचारता.

आमच्या गावात १५८२ सालची मशीद आहे, खुदावंतखानाने बांधलेली, संरक्षित स्मारक आहे. लहानपणी आम्ही तिथे लपंडाव खेळायचो. त्याच शतकाच्या शेवटी, १५९० च्या सुमारास, रोहिणखेडला मोठी लढाई झाली. अहमदनगरची सगळी सत्ता तेव्हा जमालखानाच्या हाती होती. तो इथे लढायला आला, हरला आणि इथेच मारला गेला. त्याचे डाव बरोबर होते की चूक, ते इतिहासवाल्यांनी ठरवावं. मला एवढंच दिसतं, की ज्याने सैन्य इथवर आणलं तोही इथेच पडला. 'रिस्क घेतली' हे त्याच्याबद्दल म्हणता येतं.

कोणाचा जीव घ्या असं मी म्हणत नाही. कायद्याचं बोलते. आपल्याकडे औषधांसाठी १९४० चा कायदा आहे. त्याचं ३४ वं कलम सांगतं: कंपनीकडून गुन्हा घडला, तर त्या वेळी कारभार ज्याच्या हाती होता तोही दोषी धरला जाईल, मला माहीत नव्हतं, मी पुरेशी काळजी घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची लहान लेकरं किडन्या निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत येत होती, ते आठवत असेल. वीसहून जास्त लेकरं गेली. कोल्ड्रिफ सिरपच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. औषध बनवणाऱ्या कंपनीच्या मालकाला ऑक्टोबरमध्ये अटक झाली. लेकरं त्याने परत येत नाहीत. पण बाटलीवरचं नाव आणि कोठडीतलं नाव एक असू शकतं, हे या देशात शक्य आहे.

सॉफ्टवेअरचं काय? एक दार किलकिलं आहे. १ एप्रिल २०२० पासून निदान किंवा उपचारासाठी असलेलं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत, म्हणजे त्याच औषध कायद्याखाली आलं. पण कंपन्या काय म्हणतात? आमचं ॲप निदान कुठे करतं? ते तर फक्त नोंदी ठेवतं, औषध पोचवतं, आठवण करून देतं. गुंतवणूकदारापुढे 'आम्ही आरोग्यसेवा बदलतोय', कायद्यापुढे 'आम्ही तर नुसती वही'. सासूच्या गोळ्या सुनेच्या नावावर टाकणारी वही.

उरला डेटाचा कायदा, २०२३ चा. सुरक्षेची काळजी घेतली नाही तर कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड. आकडा ऐकून बरं वाटतं ना? पुढे वाचा. दंड कंपनीला, फोटोतल्या कोणाला नाही. पैसे जातात सरकारच्या तिजोरीत, ज्याची माहिती फुटली त्या पेशंटला त्यातला एक रुपया नाही. आधीच्या आयटी कायद्यात ४३अ हे कलम होतं, त्याखाली नुकसानभरपाई मागता यायची. ते काढून टाकायची तरतूद याच कायद्यात आहे. आणि पेशंटलाही त्यात कर्तव्यं नेमून दिलीत. खोटी तक्रार केली, खोटी माहिती दिली, तर दहा हजारांपर्यंत दंड. म्हणजे व्यक्ती म्हणून ज्याचे पैसे कापले जाऊ शकतात, असा माणूस या कायद्यातही मावशीच्याच बाजूला उभा आहे.

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेला सॉफ्टवेअर पुरवायचं तर कंपनीला एक 'क्लिनिकल सेफ्टी ऑफिसर' नेमावा लागतो. तो नोंदणीकृत डॉक्टर, नर्स वगैरे असावा लागतो, म्हणजे हलगर्जीपणा केला तर स्वतःची नोंदणी धोक्यात. कोणते धोके आहेत, त्यांचं काय केलं, याची नोंदवही ठेवावी लागते. कागदी वाटतं, पण त्याने एक गोष्ट होते: 'गंभीर' खोडून 'मध्यम' लिहिणाऱ्याला खाली आपलं नाव लिहावं लागतं. माझ्या कंपनीत खोडणाऱ्याचं नाव कुठेच नाही. सही आहे ती मंजूर करणाऱ्या टेस्टरची.

*

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही, हे सांगायची वेळ यावी याचंही हसू येतं. पोट त्याच्यावरच चाललंय.

गडचिरोलीला अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने लहान मुलांचा न्यूमोनिया गावातच ओळखता यावा म्हणून एक साधन बनवलं होतं. श्वास मोजायचं. ज्या सुइणींच्या हातात ते द्यायचं, त्यांना साठपर्यंत अंक येत नव्हते. मग एका मिनिटाची वाळूची घड्याळ आणि ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी मण्यांची एक रांग, मोठ्यासाठी दुसरी, कारण मिनिटाला साठ आणि पन्नास अशा दोघांच्या मर्यादा वेगळ्या. वाळू संपायच्या आत रांग संपली, तर बाळ धोक्यात. बॅटरी नाही, रेंज नाही, लॉगिन नाही. हेही आरोग्य-तंत्रज्ञानच. मावशी ज्या भेटी देते, ती नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धतही तिथल्याच गावांत सिद्ध झाली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली आणि नंतर देशभर आशांच्या कामात शिरली.

सुइणीला अंक येत नाहीत, हे त्यांना कळलं कसं? 'डेटा आहे?' असं विचारून नाही. ज्या गावांत बाळं मरत होती त्या गावांशेजारी ते राहत होते. साधन चुकलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याच बाईला तोंड दाखवायचं होतं.

पुण्यातल्या नऊ जणांनी गडचिरोलीला राहायला जावं, असं मी म्हणत नाही. (गेले तर स्वागत आहे, सीताफळं छान असतात.) पण वर्षअखेरच्या बोनसचा एक भाग पेशंटला धोका पोचवणाऱ्या चुकांशी बांधा. चूक लपवली तर दिलेला बोनस परत घ्या. बग खाली ढकलायचा तर ढकलणाऱ्याने नावानिशी ढकला. यात अवघड काय आहे? माझ्या पगारवाढीच्या बाबतीत एका ईमेलमध्ये जमलं होतं.

गेल्या महिन्यात टाउनहॉल झाला. निनावी प्रश्न विचारायची सोय असते. मी मावशीचा प्रश्न मराठीतच टाकला. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने तो वाचला, थोडी अडखळली, आणि म्हणाली, "हा प्रश्न आपण ऑफलाइन घेऊ." कोणी घेतला नाही.

या गुरुवारी पुढचं रिलीज आहे. नोंदी एक करायची ती युक्ती अजून तशीच आहे, फक्त आता आधी 'नक्की का?' असं विचारते. रेंज नसली की तेही विचारत नाही. मी काल पुन्हा 'गंभीर' लिहिलं. फॉर्मवर माझ्या सहीचा रकाना मोकळा ठेवलाय, आणि त्याच्या वर एक ओळ स्वतःच वाढवलीय: 'धोका माहीत असून पुढे जाण्याचा निर्णय कोणाचा: नाव, पद, सही.' फॉर्म तीनदा परत आला. दोनदा कोणीतरी ती ओळ पुसून पाठवला. तिसऱ्यांदा ओळ तशीच होती, पण सही नव्हती.

रात्री मावशीला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "तुह्यावाली सही करू नको मंग." आणि मग विचारलं, "पगार तं नाही कापत ना वं तुहा?"